तीन म्हणाले होते

सगळं सुरू झालं ते एका रेघेवरून. गेल्या पावसाळ्यात शेजारचा एकजण आपल्या शेताच्या मोजणीची क-प्रत घेऊन आला. बाबा भूमी अभिलेखात मोजणीदार होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी नालवाडीत कुठं धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद निघाला की कागद आमच्याच ओसरीवर येतो. बाबांनी चष्मा पुसला, नकाशा उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "कोण्या पोरानं काढली ही रेघ? मधातच पोट आलं हिला."

शेजाऱ्यानं पट्टी लावून दाखवली. रेघ सरळ होती. बाबा म्हणाले, पट्टीही वाकडी आहे.

आम्ही हसलो. हसायला नको होतं.

मग चष्म्याच्या दुकानात नंबर दोनदा बदलून झाला. एकानं मोतीबिंदू सांगितला, पिकू द्या म्हणाला. पुढं फाटकाचे गज मधोमध वाकायला लागले आणि आईच्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी मळकट डाग दिसायला लागला, तेव्हा कुठं एका मोठ्या दवाखान्यात ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन, झाली. चार महिने वाया गेले होते. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय, ओला एएमडी, म्हणजे वयानं होणारा पडद्याचा आजार, आहे, असं निदान झालं. दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं झाली. चौथ्याची तारीख आली आणि बाबा घरातून हललेच नाहीत.

माझी आतेबहीण नागपुरात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. फेब्रुवारीत एका लग्नासाठी आली ती दोन दिवस आमच्याकडे राहिली. दुपारी आई सुपात तूर निवडत होती, बाबा आरामखुर्चीत होते. तिनं सहज विचारलं.

"मामाजी, पुढची तारीख कधीची आहे?"

"गेली परवा."

"गेली म्हणजे?"

"म्हणजे मी गेलो नाही. तीन म्हणाले होते, तीन घेतली. हिशेब पुरा."

"तीन ही सुरुवातीची असतात. दर महिन्याला एक. मग डोळा पाहून पुढचं ठरतं. काहींना वर्षानुवर्षं घ्यावी लागतात."

"हे मले कोणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी सुपाकडे. मला आठवत होतं, शब्द होता 'तीनचा कोर्स'. आपल्या घरात कोर्स म्हणजे तापाच्या गोळ्यांचा: पाच दिवस घ्यायच्या, पट्टी संपली की आजार संपला. डॉक्टरांनी पुढचंही सांगितलं असेल. पण दवाखान्याच्या गर्दीत आम्ही नेमका आकडा तेवढा उचलून घरी आणला.

"मी चाळीस वर्षं हद्द कायम मोजणी केली," बाबा म्हणाले. "साखळी टाकली, टोक धरलं, दगड रोवला. एकदा रोवला की रोवला. तुमचा हा दगड कसा आहे जो दर महिन्याले उपटून पुन्हा रोवावा लागते?"

ती हसली नाही. खुर्ची ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली. उजवीकडे बसली असती तर तिचा चेहरा त्यांना पुरता दिसला नसता, हे तिला न सांगता कळलं होतं.

"मामाजी, हा धुऱ्याचाच वाद आहे. पडद्याच्या मधोमध पाच-साडेपाच मिलिमीटरचा तुकडा असतो, मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं, सगळं त्या तुकड्यावर चालतं."

"नकाशावर पाच मिलिमीटर चुकले तं गावात डोकी फुटतात."

"पडद्याच्या मागं रक्तवाहिन्यांचा दाट थर आहे. पडद्याला तिथूनच पोसलं जातं. त्या थराच्या आणि पडद्याच्या मधात एक पातळ पापुद्रा असतो, ब्रुखचं पटल. हा तुमचा धुरा. वय झालं की त्याच्यावर पिवळे कण साचतात, तो जाड होतो, इकडचं तिकडं जाणं मंदावतं. एवढंच राहिलं तर तो कोरडा प्रकार. बहुतेकांचा तोच असतो आणि सावकाश जातो. पण काहींच्या पडद्यातल्या पेशी एक निरोप धाडतात. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन आहे. तो निरोप पोचला की मागच्या थरातून नव्या रक्तवाहिन्या फुटतात, धुरा फोडतात आणि पडद्याखाली घुसतात."

"अतिक्रमण."

"हौ. आणि बांधकाम कच्चं. भिंती गळक्या. त्यातून पाणी झिरपतं, कधी रक्त. पडदा फुगून वर उचलला जातो. उजेड टिपणाऱ्या पेशी जागच्या हलल्या की सरळ रेघेला पोट येतं. क-प्रतीवरचं पोट तेच होतं."

बाबा गप्प झाले. त्या पोराला त्यांनी बरंच काही बोलून घेतलं होतं. पण हार मानतील तर ते बाबा कसले.

"म्हणजे शरीर येडं नाही," ते म्हणाले. "त्याले समजलं, तिकडं उपाशी आहे, म्हणून त्यानं नवी वाट काढली. अन् तुम्ही सुई टोचून ती वाट बंद करून राहिले. मदतीले आलेल्याले हाकलता."

"तुम्ही बोलता त्यात तथ्य आहे," ती म्हणाली, आणि मला नवल वाटलं. "१९४८ साली आयझॅक मायकेलसन नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं हेच मांडलं होतं. पडद्याला कमी पडलं की तिथूनच एखादा पदार्थ पसरत असावा आणि तो रक्तवाहिन्यांना वाढायला लावत असावा. त्याला तो सापडला नाही. १९७१ साली जुडाह फोकमन नावाचा अमेरिकन सर्जन म्हणाला, कॅन्सरची गाठही अशाच वाहिन्या बोलावून स्वतःला पोसते. त्या तोडल्या तर गाठ उपाशी मरेल. त्याला बरीच वर्षं कोणी मनावर घेतलं नाही. १९८९ साली नेपोलिओने फेरारानं तो निरोप्या वेगळा काढला. पण मामाजी, मदत पोचली पाहिजे ना. बोर धरणाच्या कालव्याला भोक पाडून पाणी आणलं तर पीक जगते का? मुळं सडतात. या वाहिन्यांनी पडदा पोसला जात नाही, भिजतो. असाच सोडला तर शेवटी तिथं व्रण धरतो. पाणी उतरवता येतं, व्रण नाही."

'निरोप्या' हा तिचा शब्द. तो मला पाठ्यपुस्तकांतल्या सगळ्या शब्दांपेक्षा बरा वाटला. तिनं एक कबुलीही दिली. केवळ उपासमारीनंच हे सुरू होतं असं नाही. सूज आहे, जनुकं आहेत, आणि माणसाच्या हातातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे तंबाखूचा धूर.

आईनं सुपातून मान न उचलता म्हटलं, "तीस वर्षं बिडी."

"सोडली नं?"

"साठीला सोडली."

बाबांनी विषय उन्हावर नेला. आयुष्य शेतांत उन्हात गेलं, त्याचंच हे. ती म्हणाली, उन्हाचा पुरावा तितका पक्का नाही, बिडीचा पक्का आहे. मग अंबाडीच्या भाजीवर आणि कॅप्सूलवर थोडं झालं. व्हिटॅमिन-झिंकच्या कॅप्सूल कोरड्या प्रकारात, तेही मधल्या टप्प्याला, आजार पुढं सरकायचा वेग कमी करतात. सुरू झालेली गळती त्यांनी थांबत नाही. हा विषय तिथंच संपला, कारण बाबांना कॅप्सूल नकोच होत्या.

त्यांना खरा राग होता पैशाचा. पहिल्या दिवशी दवाखान्यात आमच्यापुढं दोन कागद ठेवले होते. एका औषधाला काही हजार, दुसऱ्याला त्याच्या कितीतरी पट. कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले. डोळ्याचं आम्ही काय ठरवणार? आम्ही स्वस्तातलं घेतलं, आणि तेव्हापासून घरात कोणीच काही न बोलता एक बोचणी आहे.

"खरं सांग," बाबा म्हणाले, "पोरानं माझ्या डोळ्यावर पैसे वाचवले का?"

मी उठून पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा ती सांगत होती.

"तुमचं औषध बेव्हासिझुमॅब, त्या निरोप्याला अडवणारं. फेराराच्याच कंपनीनं, जेनेनटेकनं, आतड्याच्या कॅन्सरसाठी काढलं, २००४ साली मंजूर झालं. २००५ साली मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड नावाच्या डॉक्टरनं त्याचा थेंब डोळ्यात टोचून पाहिला आणि पाणी उतरलं. २००६ साली त्याच कंपनीचं खास डोळ्यासाठीचं औषध आलं, रॅनिबिझुमॅब. तेव्हाचा दर अमेरिकेत डोसाला दोन हजार डॉलरच्या घरात. तुमच्या औषधाचा तेवढाच वाटा पन्नासेक डॉलरला."

"म्हणजे एकाच गटाचे दोन सातबारे!"

"तसं नाही. पहिलं पूर्ण प्रतिपिंड, दुसरं त्याच घराण्यातला तुकडा. पोटहिस्सा म्हणा."

बाबा एवढे खूश झाले की चष्मा काढून पुसू लागले. मी जन्मात कधी प्रतिपिंडाला पोटहिस्सा पडलेला ऐकला नव्हता.

"मग कंपनीनं दोघांची तुलना का नाही केली?"

"ती का करेल? शेवटी अमेरिकेच्या सरकारी पैशानं केली. २०११ साली निकाल आला. वर्षभरात नजरेचा फरक दोन्हींत सारखाच. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं स्वस्तातलं औषध डोळ्यासाठीच्या आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. दादानं तुमच्या डोळ्यावर पैसे वाचवले नाहीत. फुकट घालवले नाहीत, एवढंच."

मग तिनं दुसरी बाजूही सांगितली, आणि ती मला आपल्या पेशाला पाठीशी न घालता सांगितलेली वाटली. ते औषध कॅन्सरच्या रुग्णासाठीच्या मोठ्या बाटलीत येतं. डोळ्याला लागतं ०.०५ मिलिलिटर, म्हणजे एक थेंब. एका बाटलीचे अनेक वाटे होतात. वाटे करणारा हात निर्जंतुक नसला तर एका दिवसात अनेक डोळे पिकू शकतात. डोळ्यात जंतू शिरले तर आहे ती नजरही जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. २०१५ पासून अहमदाबादच्या इंटासनं बनवलेला रॅनिबिझुमॅबचा देशी अवतार मिळतो, तो मूळ परदेशी औषधापेक्षा स्वस्त आहे.

"सेवाग्रामच्या दवाखान्यात एके काळी लोक ज्वारी देऊन विमा काढत," बाबा म्हणाले. "डॉक्टर उल्हास जाजूंची योजना. पीक आलं की घरटी ज्वारी द्यायची, आजारी पडलं की इलाज. हे बिझुमॅब ज्वारीवर भेटते का?"

"नाही भेटत."

"मग?"

या 'मग'चं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि तिनं ते बनवलंही नाही.

चहा झाला. सोबत आईनं गोरसपाक ठेवला. बाबांनी बशीतला तुकडा उचलायला हात नेला तो बशीच्या कडेला टेकला. आम्ही तिघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

तिनं आकडे काढले. इथं मला वाटलं, आता बाबा हरतील. "रॅनिबिझुमॅबची पहिली मोठी चाचणी, सातशेच्या वर रुग्ण. वर्षभरात ज्यांची नजर मोठ्या प्रमाणात घसरली नाही असे शंभरात चौऱ्याण्णव-पंचाण्णव निघाले. ज्यांना नुसतं टोचल्यासारखं केलं त्यांच्यात बासष्ट."

"बासष्ट!" मोजणीदार ताठ बसला. "म्हणजे शंभरात बासष्ट जणांचं सुईशिवायच चाललं."

"दुसऱ्या वर्षी त्रेपन्नवर आले ते. सुईवाले नव्वदच्या वर राहिले. आणि नुसतं टिकणं नाही, साधारण तिसऱ्या हिश्श्याला तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता येऊ लागल्या."

"अन् पुढं? दहा वर्षांनी?"

ती थांबली. खोटं बोलायचं नसलं की ती डाव्या हाताची अंगठी फिरवते, लहानपणापासून.

"सात-आठ वर्षांनी त्यांच्यातल्या काहींना पुन्हा बोलावलं. तिसऱ्या हिश्श्याची नजर चांगलीच खाली गेली होती. बऱ्याच जणांची इंजेक्शनं तोवर विरळ झाली होती. शिवाय खालचा पडदा वयानं झिजतच असतो. तो या औषधानं नवा होत नाही."

"म्हणजे मी म्हणतो तेच."

"निम्मं. एक तृतीयांश चांगले राहिले होते, तेही बोला."

बाबांनी आणखी एक पत्ता टाकला. हा आजार गोऱ्यांचा, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. तिच्याकडे याचं उत्तर नागपूरचंच होतं. सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगियांनी २००६ पासूनच्या काही वर्षांत नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरचे लोक तपासले, ४,७११ जण. पुढच्या टप्प्याचा हा आजार खरोखर फार थोड्यांत सापडला. "पण त्यांनी तीस वर्षांवरचे सगळे घेतले होते, मामाजी. हा आजार सत्तरीचा. आपल्या गावात तेव्हा किती लोक ऐंशीपर्यंत पोचत होते? आता ओसरी-ओसरीवर एक आहे. माणसं जगतील तसे रुग्ण वाढतील."

"जास्त जगल्याचा दंड."

"भाडं म्हणा."

मग बाबांनी ती गोष्ट काढली जी या घरात दर वादाच्या शेवटी निघते. आजी नालवाडीत चरख्यावर कातायची. विनोबा १९३२ साली इथं राहायला आले, तेव्हा नालवाडी म्हणजे वर्ध्यापासून दोन मैलांवरची वस्ती. आजच्यासारखी शहराला चिकटलेली, लेआउटांनी भरलेली नव्हती. नुसत्या सूतकताईच्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हा प्रयोग त्यांनी इथं स्वतःवर केला. "जे आपल्या हातानं होईल तेवढ्यात भागवायचं," बाबा म्हणाले. "आई तेच शिकली, मी तिच्याकडून. आता म्हातारपणी दर महिन्याले कोणाच्या गाडीत बसायचं, कोणाच्या खिशातून द्यायचं, कोणाच्या सुईखाली आडवं व्हायचं. एक डोळा चांगला आहे. तेवढा पुरे."

न जाण्याचं हे कारण मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ते सुईला भ्यायले. सुईबद्दल ते कधी तक्रार करत नाहीत, उलट रंगवून सांगतात: आधी थेंब, मग ते तपकिरी औषध, पापण्यांना चिमटा, 'वर बघा', काळ्याच्या कडेपासून चार मिलिमीटरवर एक टोच, आणि मग नजरेच्या तळाशी दोन काळ्या गोट्या दिवसभर डुलत राहतात. हवेचे बुडबुडे ते. भीती सुईची नव्हतीच. माझ्या गाडीची होती.

"विनोबांनी तो प्रयोग केला तेव्हा त्यांची तब्येत कशी झाली होती?" ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले.

"१९३८ साली प्रकृती ढासळली म्हणून त्यांना हवापालटाला पवनारला धाम नदीच्या काठी जावं लागलं. तुम्हीच सांगितलं आम्हाला, सहल नेली होती तेव्हा. आपल्या हातानं होईल तेवढं करायचं, पण हवा बदलायला सांगितली तर बदलायची."

"पवनारले एकदाच गेले ते. दर महिन्याले नाही."

हे मात्र चोख होतं. आई हसली. तीही हसली. वाद तिथंच तुटायचा, पण तिनं पिशवीतून एक कागद काढला. दहा सेंटिमीटरचा चौकोन, आत पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी, मधात एक ठिपका. अ‍ॅम्सलरचा तक्ता, मार्क अ‍ॅम्सलर या स्विस डॉक्टरच्या नावाचा. "तुमचा तो एक चांगला डोळा, त्याच्यासाठी आहे हा. एका डोळ्याला झालं की दुसऱ्याला व्हायची शक्यता वाढते. वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरावर, एकेक डोळा झाकून रोज बघायचं. ज्या दिवशी डाव्यानं रेघ वाकडी दिसेल त्या दिवशी फोन. चार महिने नाही, चार दिवस."

बाबांनी तो कागद हातात घेतला. उजवा डोळा झाकला, पाहिलं, मान हलवली. मग डावा झाकला. बराच वेळ कोणी बोललं नाही. आईच्या सुपातली तूर तेवढी वाजत होती.

"पेन्सिल आण," मला म्हणाले.

मी आणली. त्यांनी कागद पाटीवर ठेवला, एका हातानं डावा डोळा झाकून धरला आणि दुसऱ्या हातानं, वाकलेल्या रेघा जशा दिसतात तशा, त्या सरळ रेघांवर काढायला लागले. ठिपक्यापासून डावीकडे तीन चौकटी, वर दोन. पोटाचा घेर काढला. मधला मळकट भाग तिरप्या रेघांनी भरला, पडीक जमीन दाखवतात तसा. कडेला उत्तर दिशेचा बाण काढला. खाली तारीख टाकली, सही केली.

"हे घे. आजची हद्द."

तिनं कागद दोन्ही हातांत घेतला. ती रोज असे तक्ते बघते. पण हा तिनं खिडकीजवळ नेऊन पाहिला.

"सोमवारी चौथं घेऊ, त्याच दिवशी ओसीटी. कोरडं दिसलं तर पुढचं सहा आठवड्यांनी. तेव्हाही कोरडं असलं तर आठ, मग दहा, असं करत बारापर्यंत नेता येते. पाणी आलं की मागं यायचं. असंच करतात आता. सगळ्यांना दर महिन्याला लागत नाही."

"हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं."

"हौ."

"आठपासून सुरू कर."

"सहा, मामाजी."

"सात. अन् दर वेळी निमताना, म्हणजे फेरमोजणी, मी करणार. तुमचं मशीन काय म्हणते ते मागून."

"सहा. निमताना तुम्ही करा."

बाबांनी कागद तिच्या हातातून परत घेतला, डावा डोळा झाकला आणि पोटाच्या वरच्या कडेला एक रेघ खोडून थोडी आत घेतली.